फेसाच्या कड्या

ओल्शिनी,
रविवार, दुपार

प्रिय ओता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. आलोइसच्या फाटकापाशी उभ्याउभ्याच ते फाडलं असशील. तर आधी आत जा, चुलीशेजारच्या बाकावर बस, चष्मा लाव आणि ओळीने वाच. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची तुझी खोड इथे चालायची नाही. पत्र आलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे आपलं बसथांब्यावर ठरलं होतं. ते ठरलेलं घटकाभर बाजूला ठेव. बिअर चाखून आम्हा तीन जिभांचा निकाल लागला आहे. तुझी मे महिन्याची बिअर तळघरातून वर येणार की नाही, आणि तू भावाच्या, आलोइसच्या त्या डोंगरातून खाली येणार की नाही, दोन्ही त्यावर अडलंय हे मी विसरलेले नाही. पण हा निकाल एका ओळीत सांगून मोकळं होण्यासारखा नाही. माझ्याच्याने ते होणारही नाही.

घरचं ठीक आहे. चेरीला यंदा पानं दिसत नाहीत इतका फुलोरा आलाय. मांजरी तुझ्या तळघरातल्या रबरी बुटात झोपते, मी हाकलत नाही. तू ज्याला 'व्लास्ताचा गुत्ता' म्हणून चिडवतोस तो माझा पबही नेहमीसारखा चाललाय. चुलीजवळच्या टेबलावर तुझी खुर्ची कुणी घेत नाही. परवा प्लझेनहून आलेला एक पाहुणा तिथे टेकायला गेला, तर आपला लुबोर प्लंबर त्याला म्हणाला, "साहेब, तिथे नका बसू, तिथे माणूस बसलाय." पाहुणा खुर्चीकडे बघतो, लुबोरकडे बघतो, आणि गुपचूप खिडकीपाशी जाऊन बसतो. मी बिअरच्या नळामागे उभी होते. आधी हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कांदे चिरत बसले.

हिवाळ्यात तू तापाने पडलास तेव्हा मला वाटलं होतं, ताप उतरला की संपलं. ताप उतरला. मग नाताळच्या आधी मी मशरूमचं सूप केलं, तुझ्या आईच्या पद्धतीने, हात सैल सोडून शेपू घातलेलं. तू ताटली नाकापाशी नेलीस, नेहमी नेतोस तशी, आणि वासाचं नेहमी जे बोलतोस ते बोलला नाहीस. नुसता जेवलास. मला तेव्हाच शंका आली, पण विचारायचं धाडस झालं नाही. मग एका सकाळी दूध करपलं. मला अंगणात कपडे वाळत घालताना वास आला, मी धावत आत आले, तर तू शेगडीपासून हातभर अंतरावर बसून बुटाची नाडी बांधत होतास. माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग भांड्याकडे. "कधीपासून जळतंय गं?" म्हणालास. इतक्या वर्षांच्या संसारात तुझा तसा चेहरा मी बघितला नव्हता, ओता. ज्याच्या नाकावर अख्ख्या गावाची बिअर चालते त्या माणसाने असं विचारावं!

प्लझेनच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोघांनी मिळून ऐकलं. वास परत येईल, किंवा येणारही नाही. गाडीत बसल्यावर तू म्हणालास, "कुणाला सांगायचं नाही." आणि फेब्रुवारीत मेची बिअर करायला घेतलीस. मी म्हटलं, कशी करशील? तर हात पुढे केलेस. "हे विसरलेत का काही?" हातांनी खरंच काही विसरलं नव्हतं. मोड आलेले जव भरडताना, पाणी चढवताना, हॉपची कडू फुलं टाकताना तू मला दिसत होतास, मी डबा घेऊन यायचे तेव्हा. जराही चुकला नाहीस. मला तुझा इतका अभिमान वाटला की रस्त्यात रडू आलं. पण आंबून झालेल्या बिअरमध्ये लोण्याचा वास उतरतो, हे मला तूच शिकवलंस. ती काही दिवस उबेत ठेवायची, यीस्ट ते लोणी स्वतःच खाऊन टाकतं, आणि मग तिला गार करून तळघरात निजवायची. गार नेमकी कधी करायची, हे थर्मामीटर सांगत नाही. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी यंत्रं असतात. आपल्या ब्रुअरीत मास्तरचं, म्हणजे तुझं, नाक असतं. तू टाकीवर वाकलास, वास घेतल्यासारखं केलंस, म्हणालास, "झालं. गार करा." ती तळघरात निजली आणि तू आलोइसकडे निघालास.

काल शनिवारी सकाळी टाकी उघडली. म्हातारे ख्वोयका, औषधवाली हेडविका आणि मी, यंदाच्या तीन जिभा. ख्वोयकांनी नवं जाकीट घातलं होतं, जसं काही लग्नाला आलेत. तुझ्या हाताखालचा रूदा नळाशी उभा होता, पांढराफटक. तुझी जागा रिकामी ठेवून आम्ही अर्धवर्तुळात उभे राहिलो. रूदाने काचेचे मग भरले. रंग बघशील तर असा, की दिव्यासमोर धरून मी बराच वेळ खाली ठेवलाच नाही. पिकलेल्या गव्हाचा रंग, तळापर्यंत नितळ. फेस दाट, ओलसर, बोटभर उंच. ख्वोयकांनी सवयीप्रमाणे त्यात काडेपेटीतली काडी उभी केली, ती उभीच राहिली. "बघा," ते म्हणाले, "सलाम करतेय." तुझ्या हातांना जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं त्या मगात उतरलं होतं.

मग मी नाक खाली नेलं.

आधी हॉप आला, दंव पडलेल्या गवतासारखा, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या मागोमाग लोणी. थोडंसं लोणी आपल्या भागातल्या बिअरला शोभतं, आपण त्याला दोष म्हणत नाही, हे काय मला माहीत नाही? मी स्वतःला तेच सांगत होते. पण हे थोडंसं नव्हतं. घोट घेतला, गिळला, आणि कडवटपणाची वाट बघत राहिले. तो उशिरा येतो, घशाच्या मागच्या बाजूला, आणि दुसरा घोट मागतो. तुझ्या बिअरची ओळखच ती. आला नाही. जिभेवर एक बुळबुळीत थर बसला होता, त्याखाली तो गुदमरला होता. मी दुसरा घोट घेतला तो चव घ्यायला नाही, माझी जीभ खोटं बोलत असेल तर पकडायला. ती खोटं बोलत नव्हती.

"उत्तम!" ख्वोयका म्हणाले. माझ्याकडे न बघता. हेडविकाने ओठ पुसले. "पूर्वीची बिअर अशीच असायची गं. माझे आजोबा सांगायचे. जरा भरलेली, जरा मऊ." ख्वोयका लगेच, "अगदी! आजकालच्या पोरांना सगळं पाणचट आवडतं." दोघं पाठ केल्यासारखं एकामागून एक बोलत होते. रूदा नळाचं पितळ पुसत होता, आधीच चकचकीत असलेलं. मी म्हटलं, रीत आहे त्याप्रमाणे एक पिंप आधी चुलीच्या टेबलावर जाऊ दे, निकाल उद्या देऊ. ख्वोयकांचा चेहरा पडला. "काय गं व्लास्ता, आता कशाला? दोन हो झालेत की." मी म्हटलं, तिसरं माझ्या तोंडात आहे.

दुपारी पिंप लावलं. आपल्या टेबलावरची मंडळी तुला माहीत आहेत. तुझी आजवरची उत्तमातली उत्तम बिअर पिऊनही त्यांच्या तोंडून "चालेल" यापलीकडे शब्द निघाला नाही. त्या वर्षी तुझ्या बिअरला बक्षीस मिळालं तेव्हा लुबोर काय म्हणाला होता? "प्यायला हरकत नाही." आणि काल तोच लुबोर पहिल्या घोटाला म्हणतो, "वहिनी, अमृत आहे, अमृत! मास्तरला सांग." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडची माणसं कधी तोंडावर स्तुती करतात? मेलेल्याची करतात.

गिऱ्हाईकाने मगाखालची पुठ्ठ्याची चकती मगावर ठेवेपर्यंत पुढचा मग न मागता आणून ठेवायचा, हा माझ्या पबचा नियम. काल एकानेही चकती ठेवली नाही. मी आणत राहिले, ते पीत राहिले. हट्टाने, औषध घ्यावं तसे, एकमेकांची नजर चुकवत. कुणी हसत नव्हतं, पत्त्यांचा डाव अर्धवट पडला होता. ख्वोयका आणखी एक मग घेऊन म्हणाले, "पोट भरलं, पण मन भरत नाही." आणि रूमालात खोकले.

मग मी रिकामे मग उचलून आणले आणि धुण्याआधी खिडकीपाशी धरले. प्रत्येक घोटाला फेसाची एक कडी काचेला चिकटते. ख्वोयका म्हणजे मोठ्या घोटांचा माणूस. त्यांच्या मगात दूरदूर पसरलेल्या मोजक्या कड्या असतात, मी न विचारता सांगू शकते हा मग त्यांचा म्हणून. काल त्यांच्या मगात कड्या एकीला एक लागून होत्या, फणीच्या दातांसारख्या. सगळ्यांच्याच. ओठ लावायचा, थेंबभर प्यायची, धीर गोळा करायचा, पुन्हा ओठ लावायचा. तोंडं गोड बोलत होती आणि काचा खरं सांगत होत्या. ओता, त्या माणसांनी नको असलेली बिअर तुझ्यासाठी पिंपाच्या तळापर्यंत प्यायली. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं आणि एकेकाच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती.

लुबोरला मी स्वयंपाकघरात ओढलं. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" आधी नाही-नाही केलं. मग बोलला. जानेवारीत ब्रुअरीच्या बॉयलरपाशी गॅस गळत होता, तो दुरुस्तीला आला, दारातच त्याला वासाने मळमळलं, आणि तू आत बसून शांतपणे पावाला चरबी लावून खात होतास. "मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं, म्हटलं मास्तर, जरा हवा खाऊया. गॅसचं काही बोललो नाही. त्याला वाईट वाटलं असतं ना गं." संध्याकाळी टेबलावर सांगितलं आणि सगळ्यांनी शपथ घेतली. म्हणजे आपण दोघं ज्या गोष्टीला जपत होतो ती अख्खं गाव आपल्यापासून जपत होतं.

पण त्याहून वाईट पुढे आहे. रूदा मागच्या दाराने आला. तीस-बत्तीसचा बाप्या, दाराला टेकून रडायला लागला. "काकू, गार करायला सांगितलं त्या दिवशी मला लोणी आलं होतं नाकात. चांगलंच आलं होतं. आणखी दोन दिवस उबेत ठेवली असती तर गेलं असतं. मी मास्तरांना विचारलं पण, 'नक्की ना?' ते म्हणाले, 'नक्की.' मग मी काय बोलणार? बोललो असतो तर त्याचा अर्थ एकच झाला असता, मास्तर, तुमचं नाक गेलंय." आपल्याकडे मास्तरच्या नाकानंतर दुसरं नाक बोलत नाही, ही रीत तुझ्या वडिलांची, तुझी, आणि आता त्याची. दोन दिवस, ओता. एका माणसाने तोंड उघडलं असतं तर आज मी हे पत्र लिहीत नसते, तुला आणायला आले असते. तुझी बिअर तुझ्या हातांनी नासवली नाही. आम्हा सगळ्यांच्या मायेने नासवली.

आज सकाळी चर्च सुटल्यावर पुन्हा तळघरात जमलो. ख्वोयकांनी माझा हात धरला. "पोरी, जाऊ दे ना. कितीशी टाकी आहे ती. मे महिना संपायच्या आत लोक पिऊन टाकतील आणि विसरतील. नवरा आहे तो तुझा." मी म्हटलं, "म्हणूनच, काका." मला दिसत होतं पुढे काय होणार ते. मी हो म्हटलं असतं तर तू परत आला असतास, ताठ मानेने. पुन्हा टाकीवर वाकून वास घेतल्यासारखं केलं असतंस, लुबोर अमृत म्हणाला असता, आणि तू मरेपर्यंत तुझ्या पाठीमागे सगळं गाव नको असलेली बिअर गिळत राहिलं असतं. तुझ्या वडिलांनी एकदा आपली अख्खी टाकी आपल्या हाताने गटारात सोडली आणि आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, हे तू मला आपण अजून एकमेकांना अहो-जाहो करत होतो तेव्हा सांगितलं होतंस. किती तोऱ्यात सांगितलं होतंस! त्या माणसाच्या मुलाला मी दयेची बिअर करायला लावू? मी नाही म्हटलं. तीन जिभांत एक नाही आलं की टाकी सोडायची, त्यावर वाद नसतो.

रूदा टाकीच्या नळाचं चाक फिरवायला पुढे झाला, मी त्याला थांबवलं आणि स्वतः फिरवलं. घट्ट होतं. सोनेरी लोट गटाराकडे निघाला आणि तळघर वासाने भरून गेलं. तुला तो आला नसता म्हणून लिहून ठेवते: ओल्या दगडाचा, हॉपचा, ताज्या पावाच्या सालीचा, आणि या सगळ्यावर पसरलेला त्या हतभागी लोण्याचा. टाकी संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. हेडविका माझ्या खांद्यावर हात ठेवून रडत होती. ख्वोयकांनी टोपी काढली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, ओता. ते आत्ता येतंय, शाई फिसकटली आहे ती त्याने. आज पब बंद ठेवलाय. माझं काळीज फाटलंय आणि ते कुणाला दाखवायचं, तर ते फक्त तुला.

आता बसथांब्यावरचं. बस वळणावर दिसायला लागली तेव्हा तू म्हणालास, "फोन करू नकोस, तुझा आवाज आधीच चुगली करील. बिअर चांगली निघाली तर एक पत्र टाक, मी येतो. वाईट निघाली तर काहीच लिहू नकोस. पत्र आलं नाही की मी समजेन, आणि मग तूही माझी वाट बघू नकोस. मास्तर नसलेला ओता त्या गावात राहणार नाही." मी काही बोलायच्या आत दार बंद झालं. तेव्हापासून तू रोज फाटकापाशी उभा राहतोस, पोस्टमन दिसला की पुढे होतोस, असं आलोइसच्या बायकोने मला कळवलं. नुसतं गप्प राहून मी तुला हे सांगायचं? रोज रिकाम्या हाताने जाणाऱ्या पोस्टमनकडून? ते मला जमणार नाही. मी लग्न मास्तरशी केलं नव्हतं, तू तेव्हा पिंपं धुवत होतास. नाक परत येईल की नाही मला माहीत नाही, रूदा तुझी जागा घेईल तेव्हा तुला काय होईल तेही माहीत नाही. बहुतेक फार वाईट होईल, आणि ते होईल तेव्हा तू या घरात असावंस एवढंच मला कळतं. तर नीट वाच, ओता. बिअर वाईट निघाली, आणि तरी पत्र आलंय. बुधवारच्या दुपारच्या बसने ये. मी थांब्यावर असेन.

तुझीच,
व्लास्ता